जुन्या २०७ पिकअपचे डिझेल पंपाचे पार्ट नागपुरात कुठं मिळतील?

आंबिया बहार

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसताच वाचतोय, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतो आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडं २००३ ची टाटा २०७ डीआय आहे. बाबांनी २०११ मध्ये सेकंडहॅन्ड घेतली. काटोलजवळ आमचा संत्र्याचा बगीचा, तिथून कळमन्याच्या मार्केटला माल न्यायचा, एवढंच तिचं काम. सध्या आंबियाची (आंबिया बहाराच्या संत्र्यांची) तोड सुरू आहे आणि नेमकं आत्ताच तिचं नाटक सुरू झालं.

सकाळी सेल्फ मारला की नुसती घुर्रघुर्र. मग बॉनेट उघडून फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देतो तो) हॅन्डपंप चाळीस-पन्नास वेळा मारायचा, तेव्हा कुठं पांढरा धूर सोडत ती जागी होते. एकदा चालू झाली की बरी चालते. पण गेल्या मंगळवारी ६० क्रेट भरून येत होतो, फेटरीच्या अलीकडं चढावर फुसफुस करत बंद पडली. पहाटेचे चार वाजले होते. बाबा टॉर्च धरून, मी हॅन्डपंप मारून राहिलो.

मेकॅनिक म्हणतो पंप गेला, दुसरा टाका. शनिवारी घाट रोडवर दिवसभर फिरलो. पहिल्या दुकानात विचारलं, ‘लाईन पंप की रोटरी?’ मला सांगता आलं नाही. दुसऱ्यानं २०७ चं नाव ऐकून डिझेल फिल्टरचं हेड दिलं, त्याचे आटेच जुळले नाहीत. तिसऱ्यानं नोझलचा सेट दिला, घरी येऊन पाहतो तर जुन्यापेक्षा बोटभर आखूड. आता तो परत घेत नाही.

तर पंप, नोझल, फीड पंप, फिल्टर हेड यांचे पार्ट नागपुरात खात्रीनं कुठं मिळतात? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सावजी रस्सा

विकून टाका भाऊ. तेवीस वर्षांची गाडी म्हणजे हत्ती पोसणं. आणि दहा वर्षं झाली की डिझेल गाडी बंदच करून राहिले ना आता?

वायसर

@सावजी रस्सा, ते दिल्ली आणि आजूबाजूच्या एनसीआर पट्ट्याचं आहे. तिथं डिझेलला १० वर्षं, पेट्रोलला १५ अशी मर्यादा घातली होती. नागपुरात तसं काही नाही. इथं माल वाहणाऱ्या गाडीला दरवर्षी फिटनेस करा, हरित कर भरा आणि चालवा.

धागाकर्ते, ‘पंप गेला’ हे मेकॅनिकनं पाहून सांगितलं की ऐकून?

आंबिया बहार

विकायची नाही. हिचा हप्ता नाही, हिचा प्रत्येक नट बाबांना तोंडपाठ आहे, आणि तोडीच्या दिवसात भाड्याची गाडी वेळेवर येतच नाही. @वायसर, मेकॅनिकनं स्टार्ट करून पाहिली, धूर पाहिला आणि सांगितलं. खोललं काहीच नाही.

निवृत्त फोरमन

मी एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होतो, बरीच वर्षं पंपरूममध्ये काढली. दुकानाचा पत्ता नंतर. आधी हे ऐका.

दुकानात ‘२००३ ची २०७’ असं सांगून पार्ट मागू नका. जुन्या गाडीत कोणी कधी काय बसवलं याचा भरवसा नसतो. पंपाच्या अंगावर अ‍ॅल्युमिनियमची एक छोटी पट्टी रिव्हेट केलेली असते. डिझेल आणि काजळी पुसून काढा, पीठ नाहीतर खडू चोळा म्हणजे अक्षरं उठून दिसतील. त्याचा फोटो टाका. पार्ट त्या नंबरनं मिळतो, गाडीच्या नावानं नाही.

दुसरं. टाकी फुल असताना हा त्रास होतो का? घरी विचारून सांगा.

पाना-पेंचिस

माझ्या मते पंपाचं एलिमेंट (आतली प्लंजर-बॅरलची जोडी) झिजलं असेल. हल्लीच्या डिझेलमध्ये सल्फर राहिलं नाही, तेलपणा गेला, त्यानं जुने पंप मरून राहिले. मी दर टाकीला टू-स्ट्रोकचं ऑइल टाकतो.

उमरेडची सून

आमच्या सासऱ्यांची पण अशीच एक जुनी पिकअप होती, दुधाचे कॅन न्यायची. ते म्हणायचे आता पेट्रोलपंपावर सगळ्यात इथेनॉल मिसळतात म्हणून रबर खराब होतं. खरं का हो?

वायसर

ताई, इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, ई२० म्हणतात ते. डिझेलच्या गाडीला त्याचा संबंध नाही.

निवृत्त फोरमन

@पाना-पेंचिस, अर्धं खरं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ चं डिझेल मिळतं, सल्फर १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १० भाग. त्याआधी २०१७ पासून ५० होतं, २०१० च्या सुमाराला ३५०. सल्फर काढताना तेलपणा जातो हे बरोबर. पण रिफायनरीत तेलपणासाठी वेगळं रसायन घालतात. आयएस १४६० या डिझेलच्या भारतीय मानकात त्याची कसोटीच आहे, घासण्याची खूण ४६० मायक्रॉनच्या वर जाता कामा नये. त्यामुळं एलिमेंट एवढ्यानं मरत नाही. ऑइल टाकायचं तर टाका, पैसे तुमचे.

खरा फटका बसतो तो जुन्या रबराच्या सीलना. वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेलं ओरिंग नव्या डिझेलमध्ये आक्रसतं आणि मग झिरपतं. म्हणून जुना पंप खोलला की सील किट पूर्ण बदलायचं, ‘हे एक चांगलं दिसतं, राहू दे’ असं नाही.

आंबिया बहार

काका, पट्टी सापडली! बाबांनी रात्री कणीक चोळून वाचली (आई रागावली). फोटो जोडत नाहीये, मोबाइल जुना आहे. वाचता आलं ते असं: वर ‘मायको’, खाली ‘पीईएस ४ए ८०डी’, पुढचे आकडे गंजानं खाल्लेत, शेवटी ‘आरएस’ दिसतं.

आणि टाकीचं विचारलं ते तुम्हाला कसं कळलं? बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, दिवाळीला टाकी फुल केली होती तेव्हा चार दिवस एका सेल्फमध्ये चालू व्हायची. एरवी आम्ही हजाराचं, दीड हजाराचं टाकतो. टाकी अर्ध्याच्या वर कधी जातच नाही.

अजून एक गोष्ट आज कळली. आधीच्या मालकानं दुसऱ्या गाडीतून उतरवलेलं इंजिन पंपासकट बसवलंय. आरसीवर नोंद आहे, आम्ही कधी पाहिलीच नव्हती.

निवृत्त फोरमन

बस. आता बोलता येईल.

मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, बंगळूर, १९५१ ची. २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं, पण आमच्या पिढीला अजून मायकोच. तुमची पट्टी अशी वाचायची: ‘पीईएस’ म्हणजे स्वतःचा कॅमशाफ्ट असलेला लाईन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर, एका रांगेत), ‘४’ सिलिंडर, ‘ए’ पंपाचा साइज, ‘८०’ म्हणजे प्लंजर, डिझेल दाबणारा दांडा, ८ मिलिमीटरचा. रोटरी (एकच प्लंजर फिरत सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो तो) असता तर ‘व्हीई ४/१२ एफ १६०० आर’ असं काहीतरी दिसलं असतं: चार सिलिंडर, १२ मिलिमीटरचा प्लंजर, एफ म्हणजे यांत्रिक गव्हर्नर, १६०० हे पंपाचे फेरे, आर म्हणजे उजवीकडं फिरणारा. दोघांचा एकही पार्ट एकमेकांना लागत नाही. म्हणून त्या पहिल्या दुकानदाराचा प्रश्न अगदी योग्य होता. बाकी दोघांनी विचारलंच नाही, तिथंच समजून जायचं.

आता आजार. पंप झिजला की गाडी गरम झाल्यावर त्रास देते. डिझेल गरम होऊन पातळ होतं, झिजलेल्या प्लंजरमधून निसटतं, दाब बनत नाही. मे महिन्यात ४५ डिग्रीला ट्रक ढाब्यावर चहाला थांबतो आणि मग चालूच होत नाही, तो हा आजार. रोटरीवाले तेव्हा पंपाच्या डोक्यावर ओलं फडकं टाकतात आणि गाडी चालू होते. पंप गेल्याची ती खूण.

तुमची उलटी गोष्ट आहे. रात्रभर उभी राहिली की त्रास, गरम झाल्यावर ठीक, टाकी फुल असताना ठीक, चढावर बंद. ही गाडी एअर घेते आहे. टाकीतून वर येणाऱ्या सक्शन पाइपला डिझेलच्या पातळीच्या वर कुठंतरी छिद्र असणार. टाकी भरलेली असते तेव्हा छिद्र डिझेलखाली, हवा जात नाही. रिकामी होत गेली की उघडं पडतं. चढावर डिझेल मागं सरकतं, तेव्हाही तेच.

पाना-पेंचिस

मान गए काका _/\_

वायसर

काकांचं निदान पटलं, पण खर्च करण्याआधी खात्री करून घ्या, फुकटात होते. पाच लिटरचा कॅन बॉनेटजवळ बांधा, टाकीकडून येणारा पाइप फीड पंपापाशी सोडा आणि त्या जागी नवा पाइप लावून कॅनमध्ये बुडवा. एअर काढा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी एका सेल्फमध्ये चालू झाली तर दोष टाकी ते फीड पंप या पट्ट्यात. नाही झाली तर फीड पंप आणि त्याच्या पुढं. चाचणीपुरता पारदर्शक पाइप लावला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. नंतर तो काढून टाका, उन्हात कडक होऊन तडकतो.

उगाच एक

तोपर्यंत छिद्राला साबण लावा की. आमच्याकडं सगळे लावतात, अंघोळीचा.

वायसर

साबण काटोलपासून नागपूरपर्यंत टिकतो, परत यायला दुसरी वडी लागते :-)

उमरेडची सून

आखूड नोझलचं कोणी बोललंच नाही. ती का आखूड आहेत?

निवृत्त फोरमन

ताईंनी बरोबर पकडलं. धागाकर्ते, त्या नोझलवर काय कोरलंय ते वाचा. डब्यावरचं नाही, नोझलच्या अंगावरचं.

आंबिया बहार

डब्यावर काहीच धड नाही. नोझलवर ‘डीएन ० एसडी’ आणि पुढं आकडा.

निवृत्त फोरमन

वाटलंच. ही पिंटल नोझल आहे, प्री-चेंबरच्या इंजिनाची, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारतात त्याची. तिथं दाब शंभर-सव्वाशे बारच्या आसपास. तुमचं डीआय इंजिन, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं, त्याला छिद्रांची लांब नोझल लागते, ‘डीएलएलए’ नावाची, आणि ती दोनशे बारच्या पुढं उघडते. ‘डीएलएलए १५०’ असं असेल तर १५० हा फवाऱ्याचा कोन. त्याच्या पुढं एस किंवा पी, तो नोझलच्या अंगाचा साइज. कोन चुकला तर डिझेल पिस्टनच्या वाटीत पडायचं सोडून भलतीकडं पडतं, काळा धूर निघतो आणि पिस्टन जळतं. तुमची बसलीच नाहीत ते नशीब. कधी कधी चुकीचा नंबर बसतो, ते जास्त वाईट.

आणि मुळात तुम्हाला नोझल लागणारच आहे हे कोणी ठरवलं? आधी काढून टेस्टरवर (हातानं दाब देऊन फवारा पाहायचं यंत्र) लावा. चांगली नोझल चर्र-चर्र बोलते, सगळ्या छिद्रांतून धुकं सारखं पडतं, शेवटी टोकाला थेंब राहत नाही. थेंब गळत असेल तर बदला. एक सांगतो, फवाऱ्यासमोर हात कधीही धरायचा नाही. आमच्याकडं एका पोरानं धरला होता. कातडी फोडून डिझेल आत जातं, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि दोन तासांनी बोट काळं पडायला लागतं. असं झालं तर मलम लावत बसायचं नाही, थेट सर्जनकडं पळायचं.

प्रवासी

माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली आहे.

आंबिया बहार

अपडेट. कॅन लावून दोन रात्री पाहिलं. दोन्ही सकाळी पहिल्या सेल्फला चालू! बाबांना विश्वास बसेना, बंद करून परत चालू केली, परत बंद, परत चालू.

म्हणजे टाकीच. टाकीचं युनिट (फ्लोट आणि सक्शन पाइप एकत्र आहे ते) कुठं मिळेल? आणि टाकी न उतरवता वेल्डिंग होईल का?

निवृत्त फोरमन

टाकीवर वेल्डिंग अजिबात नाही. रिकामी असो, धुतलेली असो, नाही म्हणजे नाही. डिझेलची वाफ आत राहते. वरचे स्क्रू काढून युनिट बाहेर काढा, ते घेऊन दुकानात जा.

वायसर

दोन रस्ते आहेत. एक, भंगारातल्या २०७ चं युनिट. कामठी रोडकडं जुन्या गाड्या तोडणारे बसतात, तिथं तुमचं युनिट हातात घेऊन जा, जाळी आणि पाइपाची लांबी शेजारी धरून मोजा. दुसरा, रेडिएटर दुरुस्त करणारा. तो खराब पाइप कापून त्याच मापाचा स्टीलचा पाइप पितळेच्या टाक्यानं जोडून देतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप मात्र लावू देऊ नका. त्याचं जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि पुढं नोझलवर बसतं. पुष्कळ जण नळाचाच पाइप जोडून मोकळे होतात.

तांब्याचे वायसर सगळे नवे. माझं नाव उगाच वायसर नाही. बँजो बोल्टचं (डिझेलचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) दहा-वीस रुपयांचं वायसर लोक पुन्हा पुन्हा वापरतात आणि हजारोंचे पंप खोलतात.

पाना-पेंचिस

फीड पंपाचं किट पण बदलून टाका ना आता. पन्नास वेळा हॅन्डपंप मारून मारून त्याचंही वायसर गेलं असेल.

निवृत्त फोरमन

+१. लाईन पंपाला फीड पंप बाजूला बसलेला असतो, पंपाचाच कॅम त्याला चालवतो. किटमध्ये स्प्रिंग, दोन व्हॉल्व्ह आणि वायसर येतात, स्वस्त आहे. तो खोलला की एक बघा: लाईन पंपाच्या पोटात ऑइल असतं. ते पातळ होऊन वाढलं असेल, डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाच्या दांड्यातून डिझेल आत झिरपतंय. तसं चालवलं तर कॅम आणि बेअरिंग खाऊन टाकतं. तेव्हा मग मेकॅनिकचं ‘पंप गेला’ खरं होईल.

मुख्य पंप घरी खोलू नका. प्लंजर आणि बॅरल जोडीनं घासलेले असतात, त्यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची. चार जोड्या ताटात काढून ठेवल्या आणि अदलाबदल झाली की संपलं. पुढं कधी लागलाच तर टेस्ट बेंच (पंप फिरवून तपासायचं यंत्र) असलेल्या पंपवाल्याकडं न्या आणि चारही लाईनींचं डिझेल काचेच्या नळ्यांत समोर मोजून दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर उठून यायचं.

सावजी रस्सा

काका, तुम्ही क्लास काढा. मी येतो. विकून टाका म्हणालो ते परत घेतलं.

आंबिया बहार

काल काम झालं, सविस्तर लिहितो.

युनिट बाहेर काढलं. सक्शन पाइप वरून साधारण चार इंचांवर गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. बाबांनी तोंडात धरून फुंकलं, बोटाला वारा लागला. एवढ्याशा भोकानं आम्हाला पंधरा दिवस नाचवलं. खालची जाळी निम्मी गाळानं भरलेली, त्यात चक्क संत्र्याचं वाळलेलं पान. ते टाकीत कसं गेलं यावर घरात अजून वाद सुरू आहे. टाकीचं झाकण दोन वर्षांपूर्वी हरवलं होतं आणि मध्यंतरी तिथं फडकं कोंबलेलं असायचं, असं आईचं म्हणणं.

भंगारात दोन युनिट पाहिली, दोन्ही आमच्यापेक्षा सडकी. मग रेडिएटरवाल्याकडून पाइप बदलून घेतला. पंपाच्या पट्टीचा फोटो (भाच्याच्या मोबाइलवर काढला) घेऊन घाट रोडला गेलो. यावेळी नवीनच दुकानात शिरलो आणि काही न बोलता फोटो पुढं केला. त्यानं चष्मा लावला, वाचला, आत गेला आणि फीड पंपाचं किट घेऊन आला. पाच मिनिटं. फिल्टर हेड आमच्या नंबरचं त्याच्याकडं नव्हतं, पण जुनं पाहून म्हणाला याला काही झालेलं नाही, आतला बोल्टचा वायसर बदला. बदलला. नोझल त्याच्याच ओळखीच्या पंपवाल्याकडं तपासली, तीन चांगली, एक गळत होती, ती बदलली. लाईन पंपाचं ऑइल ठीक होतं.

एकूण खर्च नव्या पंपाच्या किमतीच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी. आज पहाटे ५५ क्रेट घेऊन कळमन्याला जाऊन आलो, टाकीत पाव टाकीच डिझेल होतं, मुद्दामच. कुठंही थांबली नाही.

काका, वायसरभाऊ, सगळ्यांचे आभार. कळमन्याला कोणी येत असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, संत्री आमच्याकडून.

डीएन ० एसडीचा चार नोझलचा सेट न वापरलेला पडून आहे. प्री-चेंबरची जुनी गाडी कोणाकडं असेल तर घेऊन जा. पण नंबर जुळवून.

निवृत्त फोरमन

छान. बाबांना नमस्कार सांगा. झाकण विकत घ्या.

नवाच एक

धागा वर काढतो आहे. माझ्याकडं १९९९ ची एक जीप आहे, गरम झाली की चालू होत नाही, डिझेल पंप कोणता टाकू?

वायसर

पट्टीचा फोटो टाका. कणीक नको, खडू घ्या.